बसते ना!

मराठीत ‘बसणे’ या क्रियापदाला किती अर्थ आहेत, हे व्याकरणाच्या पुस्तकात शोधू नये. चिखलीच्या मेहकर फाट्यावर सकाळी साडेसहाला जाऊन उभं राहावं. तिथे पाच-सात पिकअप गाड्या भाड्याची वाट बघत असतात आणि त्यांतल्या एकीला टेकून आमचा भाऊ उभा असतो. त्याला विचारा, “भाऊ, तीस कट्टे सोयाबीन आहे. बसेल का?”

“बसते ना!”

“वर दोन सायकली आहेत.”

“बसते ना!”

“आणि आमची म्हातारी.”

“आजीले पुढे घेऊ. बसते ना!”

संध्याकाळी त्याच गाडीच्या मागच्या अंगाकडे बघून फाट्यावरची पोरं म्हणतात, “भाऊ, गाडी बसली.” सकाळचं बसणं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं. या दोन बसण्यांच्या मधल्या वेळात भाऊचा धंदा चालतो.

त्याला खरं नाव आहे, पण ते आरसी बुकात असतं आणि आरसी बुक डॅशबोर्डच्या कप्प्यात, देवाच्या अंगाऱ्याखाली. गावाला तो ‘बसतेभाऊ’ म्हणून माहीत. हा माणूस फक्त चिखलीतच राहतो असं मात्र समजू नका. त्याचा एक अवतार देऊळगाव राजाला आहे, एक मेहकरला. तुमचंही गाव तालुक्याचं असेल तर तुमच्या स्टँडसमोरही तो या क्षणी कुणाला तरी “टाका बिनधास्त” म्हणत असेल. अंगात मळखाऊ शर्ट, खांद्यावर दस्ती, खिशात टायरची हवा मोजायचं गेज आणि शर्टाच्या आत कमरेचा पट्टा. हा पट्टा डॉक्टरांनी दिलेला. वजन उचलायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. भाऊने त्यांना समजावलं, “डॉक्टरसाहेब, म्या कुठं उचलतो? गाडी उचलते.”

भाऊची आणखी एक खूण म्हणजे तो स्वतः कधी बसत नाही. स्टिअरिंगमागे बसतो ते सोडा, ते काम झालं. एरवी चहा उभ्याने, जेवण हौद्याच्या फाळक्यावर डबा ठेवून उभ्याने, आणि गप्पा तर चाकावर एक पाय ठेवून. जगातली प्रत्येक गोष्ट बसवणाऱ्या या माणसाला स्वतःला टेकायला जागा सापडलेली नव्हती.

माझी त्याची ओळख बदलीमुळे झाली. बुलढाण्याहून चिखली, अंतर पंचवीसेक किलोमीटर. सामान म्हणजे कपाट, पलंग, फ्रीज, पुस्तकांची चौदा खोकी, पाण्याचा पिंप आणि सिमेंटचं तुळशीवृंदावन. मी आपला शिक्षकी हिशेब केला आणि म्हटलं, “भाऊ, दोन खेपा कराव्या लागतील.”

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच कुठला तरी धडा न वाचता वर्गात आलो होतो. “दोन खेपा? सर, डिझेल काय तुमच्या शाळंत अनुदानावर भेटते? बसते ना!”

आणि बसलं. कपाटात पुस्तकं बसली, फ्रीजमध्ये भांडी बसली, पिंपात पडदे बसले, पलंगाच्या चार पायांत वृंदावन बसलं. वर दोरी आवळून झाल्यावरही त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. कुठे फट राहिली असेल तर त्या फटीचा त्याला अपमान वाटतो. ती फट भरली रस्त्यात. एक फवारणीचा पंपवाला आणि एक शेळीवाला हात करून उभे होते. चिखलीला पोचल्यावर सगळं सामान धड उतरलं. तुळस तेवढी निम्मीच उरली होती. शेळीला कुणी काही विचारलं नाही.

भाऊला समजून घ्यायचं तर आमच्या जिल्ह्याचा नकाशा समजून घ्यावा लागतो. बुलढाणा जिल्ह्याचे खरे विभाग दोनच, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, बुलढाणा, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली. यांत गंमत अशी की रेल्वेही घाटाखालीच राहिली. मुंबई-हावडा लाइन मलकापूर-शेगाववरून निघून जाते आणि आम्ही वरून तिची शिटी ऐकल्यासारखं करतो. जालन्याहून चिखलीवरून खामगावला रेल्वे आणा, ही मागणी इंग्रजांच्या अमदानीपासूनची. सर्वेक्षणं झाली, निवेदनं झाली, आंदोलनं झाली. आमच्या आजोबांनी रेल्वे येणार म्हणून ऐकलं, वडिलांनी ऐकलं, आता आम्ही मुलांना सांगतो. भाऊचं यावर ठाम मत आहे. “येईन ना रेल्वे. तिचे रूळ माह्याच गाडीत येतीन. बसते ना!”

तोवर घाटावरच्या मालाची मालगाडी तोच आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, मग कापूस, मग तूर. त्यातून उसंत मिळाली की लग्नसराईचे पलंग-कपाटं. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला जाणारी माणसं आणि त्यांचे नारळ. जानेवारीत विवेकानंद जयंतीला हिवरा आश्रमात लाखो लोकांची पंगत बसते, पुऱ्या आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढली जाते. तो दिवस भाऊला फार प्रिय. “पाहा सर,” तो म्हणतो, “देवाच्या कामात कोणी पासिंग विचारते काय?” गणपती असो, रेणुकामातेची यात्रा असो, शाळेच्या खेळांचं साहित्य असो, गाडी भाऊची. अशा भाड्याचे पैसे लोक ‘पाहू’ म्हणून देतात. भाऊही पाहतो. दोघंही वर्षभर एकमेकांकडे पाहत राहतात.

आता ‘पासिंग’. हा शब्द भाऊच्या आयुष्यात खलनायकाचं काम करतो. गाडीवर किती वजन घालायचं ते कारखान्याने ठरवलेलं असतं आणि आरसीवर ते छापलेलं असतं. त्यालाच आमच्याकडे पासिंग म्हणतात. भाऊची सुरुवात छोट्या हत्तीवर झाली. २००५ साली टाटांनी ‘एस’ नावाची ती चिमुकली गाडी काढली आणि पाऊण टन माल गल्लीबोळांत फिरू लागला. हत्तीवर त्याने इतकं लादलं की शेवटी हत्ती गुडघ्यावर आला. मग त्याने पिकअप घेतली. पासिंग १७०० किलो. सोयाबीनचा कट्टा साठ किलोचा धरला तर अठ्ठावीस कट्टे. हा हिशेब मी त्याला फळ्यावर मांडावा तसा मांडून दाखवला होता. त्याने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाला, “हे कंपनीचं झालं सर. कंपनीले आपले कट्टे माहीत नाही.”

कंपनीला माहीत नसलेलं जे होतं, ते त्याने मिस्त्रीकडून बसवून घेतलं. चिखलीत कमानपाट्याचं काम करणारे जुने मिस्त्री आहेत. दुकानासमोर गाड्या नेहमी मागून उचललेल्या, जॅकवर, नमाजात वाकल्यासारख्या. पिकअपच्या मागच्या धुऱ्यावर दोन्ही बाजूंना पाट्यांची चवड असते. सगळ्यांत लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन टोकांना कान, खाली उतरत्या क्रमाने धाकटे पाटे. वजन आलं की सगळे मिळून वाकतात, वजन गेलं की पुन्हा कमान धरतात. एकत्र कुटुंबाचं इतकं चांगलं चित्र मी कुठल्याही कादंबरीत वाचलेलं नाही. मोठ्याने भार घ्यायचा, धाकट्यांनी खालून रेटायचं, आणि एकमेकांवर घासताना थोडं करकरायचं.

भाऊने या कुटुंबात पाहुणे आणायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी एक जादा पाटा. दुसऱ्या वर्षी आणखी एक. तिसऱ्या वर्षी मिस्त्री यू-बोल्ट आवळता आवळता म्हणाला, “भाऊ, आता पाटे चेपायलेच दोन टन लागतीन.” खरंच होतं ते. भरलेली गाडी ऐटीत चालायची, पण रिकामी गाडी बैलाच्या पाठीवर माशी बसल्यासारखी उडायची. एकदा दूध आणायला नेली, तर कॅनमध्ये वर लोणी तरंगत होतं. त्याच्या बायकोने माहेरी जायला एसटी धरली ती तेव्हापासून.

तरीही गाडी बसायचीच. पण गाडीचं हे बसणं किती उपयोगी होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. मार्केट यार्डातल्या हमालांचं एक माप असतं. चॅसीच्या खाली धुऱ्याच्या वर एक रबर असतं. माल चढत जातो तसं ते रबर आणि धुरा यांतलं अंतर कमी होत जातं. चार बोटं, तीन बोटं, दोन बोटं. दोन बोटं उरली की हमालांचा म्होरक्या हात वर करून ओरडायचा, “बस्स! बसली!” सरकारचं पासिंग किलोत होतं, हमालांचं बोटांत. भाऊ सरकारशी वाद घालायचा, पण हमालांच्या बोटांपुढे त्याचं काही चालत नसे. फार तर “आन एक टाक ना बाप्पा” म्हणायचा. हमाल एक टाकायचे आणि खांद्यावरचं फडकं झटकून निघून जायचे.

बसलेल्या गाडीचं नाक मात्र वर व्हायचं. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड, त्यानंतर झाडांच्या शेंड्यांवर उजेड, आणि सुगीत तर थेट आभाळात. रस्त्यावरचा खड्डा भाऊला दिसत नसे, मृग नक्षत्र दिसे. पुढची चाकं हलकी झाल्यामुळे स्टिअरिंग कसं गुळगुळीत फिरतं, याचं तो कौतुक करायचा. पुढची चाकं जमिनीला पुरेशी टेकत नाहीत म्हणून ते तसं फिरतं, हे त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

आणि मग फुगे आले.

एका ढाब्यावर दहाचाकी ट्रक उभा होता. त्याचा एक धुरा चाकांसकट वर उचललेला. भाऊने चहा तिथेच ठेवला आणि ट्रकखाली शिरला. बाहेर आला तेव्हा तोंडावर साक्षात्कार होता. “सर, रबरी डबरू हाये आत. हवा भरली का चाक उचलते. हवा!” मग त्याला शोध लागला की व्होल्वो बसलाही पाट्यांऐवजी हवेच्याच उशा असतात आणि म्हणून आतले लोक झोपतात. मग कुणीतरी त्याला मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअप दाखवल्या. तिकडे फायरस्टोनसारख्या टायरवाल्यांनी १९३०च्या दशकापासून या हवेच्या स्प्रिंगांवर डोकं चालवलं, १९५०च्या दशकात ग्रेहाउंडच्या लांबच्या बस त्यांच्यावर धावू लागल्या, आणि पुढे साध्या पिकअपला मागून बसवायच्या जोड-पिशव्याही निघाल्या. तिकडचा माणूस शनिवारी गाडीमागे होडी जोडून तळ्यावर निघतो. होडीच्या भाराने गाडीची शेपूट खाली जाऊ नये म्हणून तो पिशवीत थोडी हवा भरतो. एवढंच तिचं काम. भाऊने होडीच्या जागी मनातल्या मनात मार्केट यार्ड जोडून पाहिलं. बसलं.

जोडी मागवली. मिस्त्रीने कुरकुरत धुरा आणि चॅसी यांच्या मधे दोन्ही बाजूंना एकेक रबरी पिशवी बसवली. तिची नळी मागे नंबर प्लेटच्या शेजारी आणून सोडली. टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह, टायरवाल्याकडेच हवा भरायची. सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं : पाच पौंडांच्या खाली हवा जाऊ देऊ नये, शंभराच्या वर भरू नये, आणि या पिशव्यांमुळे गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढत नाही. कागद इंग्रजीत होता. भाऊने त्यातला ‘शंभर’ वाचला.

गावात बातमी पसरली की भाऊने गाडीला फुगे बांधले. पोरं बघायला आली आणि खाली वाकून हिरमुसून गेली. घरी बायकोने विचारलं, “एअर बॅग तर पुढं असते ना, तोंडासमोर?” भाऊने तिला फरक सांगितला. “पुढची टक्कर झाल्यावर फुगते. मांगची भाडं भेटल्यावर.”

पहिल्या दिवशी यार्डात जो प्रकार घडला तो मी डोळ्यांनी पाहिला. अठ्ठावीस कट्टे चढले. गाडी जशीच्या तशी. छत्तीस चढले. गाडीची मान सरळ, पाठ सरळ, शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या पोरासारखी. हमालांचा म्होरक्या बोटं घेऊन खाली वाकला. चार बोटं! त्याने हात धुऊन पुन्हा मोजलं. चार बोटं. त्याच्या तीस वर्षांच्या विद्येचा तिथे पराभव झाला. “टाका मग,” तो खिन्नपणे म्हणाला. भाऊ हौद्यावर उभा राहून चहूकडे बघत होता. “पाहिलं का सर? बसते, पण बसत नाही!”

या वाक्यातली चूक मी व्याकरणाचा माणूस असूनही पकडू शकलो नाही.

आता गाडी बसत नाही म्हटल्यावर लोकांनाही धरबंध उरला नाही. पूर्वी गाडीकडे बघून शेजारीण म्हणायची, राहू द्या, उद्या न्या. आता तीच म्हणू लागली, गाडी तर रिकामीच दिसते की, आमची शिलाई मशीन टाका. गाडीच्या सरळ पाठीवर गावाने आणखी दोन क्विंटल विश्वास टाकला. भाऊला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आजवर त्याच्या वतीने गाडी नाही म्हणत होती, बसून. तिचंही तोंड आता हवेने बंद केलेलं.

फुग्यांचे लहानसहान नखरे सुरू झाले. भाऊने एक व्हॉल्व्ह वाचवायला दोन्ही फुगे एकाच नळीला जोडून घेतले होते. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. वळणावर गाडी उजवीकडे झुकली की उजव्या फुग्यातली हवा नळीवाटे डाव्यात पळायची आणि गाडी आणखी उजवीकडे झुकायची. ज्याच्यावर भार पडला त्यानेच हवा सोडून द्यायची आणि ती मोकळ्या बसलेल्याने घ्यायची. हे मी आमच्या पतसंस्थेत पूर्वी पाहिलेलं होतं. एका वळणावर वरचे तीन कट्टे ज्वारीच्या शेतात उतरले. मिस्त्रीने नळ्या वेगळ्या केल्या, दोन व्हॉल्व्ह बसवले आणि वाचवलेल्या पैशाच्या चौपट घेतले.

मग रिकाम्या गाडीचा घोळ. माल उतरल्यावर हवा काढायची असते. भाऊ विसरायचा. परतीच्या रस्त्यावर साठ-सत्तर पौंड हवा घेऊन रिकामी गाडी अशी उसळायची की आत बसलेल्या क्लीनरने देऊळगाव राजा ते चिखली सगळ्या देवांची नावं घेतली. दुसऱ्या वेळी त्याने आठवणीने सगळीच हवा काढली, पाचाचीही ठेवली नाही. रिकामा फुगा धुऱ्यात चिमटला आणि त्याला बारीक भोक पडलं. दोन दिवस गाडी एका कुशीवर झोपल्यासारखी उभी होती. भाऊ तिच्याजवळ उभा राहून टायरवाल्याला म्हणत होता, “झोपू दे. थकली असंन.”

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ भाऊला तोंडपाठ आहे, कारण त्याचे आकडे मोठे आहेत. पासिंगपेक्षा जादा वजन सापडलं तर २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. २०१९च्या दुरुस्तीपासूनचा हा दर. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेतात. ‘बसणे’चा हा आणखी एक अर्थ, दंड बसणे. फुग्यांमुळे या अर्थावर आपण मात केली, असं भाऊला वाटत होतं. “नजरंतच येत नाही तर धरतीन कसं?” त्याच्या दुर्दैवाने भुईकाट्याला नजर नसते. एकदा व्यापाऱ्याने गाडी काट्यावर घ्यायला लावली. गाडी वर डौलात उभी, आणि आतल्या आकड्याला काही केल्या खाली बसायचं नाव नाही. भाऊने पावती घडी घालून अंगाऱ्याखाली ठेवून दिली, आरसी बुकाच्या शेजारी. दोघं मिळून काय ते ठरवतील.

आणि मग राजूर घाट.

मला मलकापूरला गाडी धरायची होती, रेल्वेगाडी. भाऊ मलकापूरच्याच एका गोदामात सोयाबीन घेऊन निघाला होता. “चला ना सर, पुढे बसते.” मागे बावन्न कट्टे. मी मनातल्या मनात साठाने गुणलं आणि मग गुणाकार विसरायचा प्रयत्न केला. बुलढाणा मागे पडलं आणि घाट सुरू झाला. घाटावरून घाटाखाली. आमच्या जिल्ह्यातला माणूस हा प्रवास झोपेतही करतो.

पहिल्या उतारावर भाऊने ब्रेक दाबला. गाडीने ऐकलं, पण मोठ्या माणसाने लहान मुलाचं ऐकावं तसं. नाक खाली गेलं, पुढची चाकं कचकन धरली गेली, मागून मात्र बावन्न कट्टे ढकलत राहिले. दुसऱ्या वळणावर भाऊने गिअर खाली घेतला. तिसऱ्या वळणाला जळक्या वासाने केबिन भरलं. भाऊ बोलायचा थांबला होता. त्याची ओळख झाल्यापासून मी एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. पहिल्या गिअरवर, इंजिनाला रडवत, कठड्याच्या बाजूला एक रुंद जागा बघून त्याने गाडी एका दगडाला अशी हळूच टेकवली, जसं कुणी म्हाताऱ्याला ओट्यावर टेकवावं.

आम्ही खाली उतरलो. पुढच्या चाकांतून धूर येत होता. मागच्या चाकांना भाऊने दुरून हात दाखवला, मग जवळ नेला, मग चक्क ठेवला. मागची चाकं कोमट होती. इतका घाट उतरून. मागच्या ब्रेकने काही कामच केलं नव्हतं.

“यायले काय झालं?” भाऊ पुटपुटला. माझी रेल्वे गेली. मला तिची शिटी त्या दिवशी खरंच ऐकू आल्यासारखी वाटली.

याचं उत्तर मिस्त्रीने दिलं. त्याने भाऊला गाडीखाली झोपवलं आणि मागच्या धुऱ्यापाशी एक बारीक दांडा दाखवला. बऱ्याच पिकअपला तो असतो. धुऱ्यापासून चॅसीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत जातो. गाडी मालाने बसली की चॅसी खाली येते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे, मागच्या चाकांना जास्त ब्रेक द्या. गाडी रिकामी, म्हणजे उंच असली, की तो मागचा ब्रेक कमी करतो, नाहीतर हलकी चाकं घसरतात.

“म्हंजे?” भाऊने गाडीखालूनच विचारलं.

“म्हंजे तुह्या फुग्यानं गाडी उचलून धरली. याले वाटलं गाडी रिकामी. तू पोलिसाले फसवाले गेला, हमालाले फसवलं, लोकायले फसवलं. ब्रेक बी त्यायच्यातच उभा होता. तो बी फसला.”

भाऊ बराच वेळ गाडीखालून आला नाही. मिस्त्रीला आता थांबायचं नव्हतं. पाट्यांवरचा भार चॅसीवर दोन टोकांना वाटला जातो, फुग्याचा भार मधे एकाच ठिकाणी टोचतो, हे त्याने सांगितलं. तिकडे ऑस्ट्रेलियात जादा भार आणि फुगे मिळून पिकअपच्या चॅशा कमरेत वाकल्या आहेत, हे मी कुठेतरी वाचलेलं त्याच्या मदतीला धावून सांगितलं. ‘कमरेत’ म्हटल्यावर गाडीखालून एक हात आपल्या पट्ट्याकडे गेलेला मला दिसला. “टायर तेच, धुरा तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच,” मिस्त्री पाना पुसत म्हणाला. “यायले कोणी इचारलं? फक्त पाठ सरळ केली. दुखणं तितलंच, दिसत नाही एवढंच.”

फुगे काढून टाकले असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण भाऊने पैसे मोजले होते आणि घाटावरचा माणूस मोजलेले पैसे काढून टाकत नाही. फुगे आहेत. मिस्त्रीने दोन जादा पाटे मात्र काढले. आता फुग्यांत जुजबी हवा असते, अठ्ठावीस कट्ट्यांवर मागून किंचित खाली गेलेली गाडी जरा सावरण्यापुरती. हेडलाइट रस्त्यावर पडतात आणि खड्डे बघून भाऊ हैराण झाला आहे. इतके खड्डे याआधी नव्हते, असं त्याचं म्हणणं. तिसाव्या कट्ट्याला गाडी बसायला लागते. हमालांच्या म्होरक्याला त्याची बोटं परत मिळाली आहेत. परवा त्याने इतक्या जोरात “बसली!” म्हणून आरोळी ठोकली की शेजारच्या अडत्याच्या हातातला चहा सांडला.

“एक टाक ना बाप्पा,” भाऊ सवयीने म्हणाला.

म्होरक्याने काही न बोलता दोन बोटं वर करून दाखवली. भाऊने त्या बोटांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि फाळका लावून घेतला. उरलेल्या कट्ट्यांसाठी त्याने दुसऱ्या पिकअपवाल्याला फोन केला. हा फोन करताना त्याचा आवाज इतका खोल गेला होता की पलीकडच्याला वाटलं, घरात कुणी आजारी आहे.

दुसरी गाडी यायला अर्धा तास होता. मी यार्डाच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर गेलो तर बाकावर भाऊ बसलेला. बसलेला! पाठ भिंतीला टेकून, पाय लांब करून, दोन्ही हातांत चहाची कपबशी धरून. मला वाटलं माझीच नजर चुकली. बाक चार माणसांचा आणि त्यावर आधीच पाच जण. मी उभाच राहिलो.

भाऊने माझ्याकडे पाहिलं. कपबशी सांभाळत त्याने डाव्या बाजूच्या दोघांना कोपराने थोडं रेटलं, उजवीकडच्याला मांडीने सरकवलं, आणि आपल्या शेजारी बरोबर एक वीत जागा काढून तिच्यावर हात थोपटला.

“या ना सर. बसते.”